शेरा : तंदुरुस्त

साताऱ्याच्या आमच्या घरी मे महिन्यात सगळी माणसे जमतात, आणि रात्रीची जेवणे उरकून भांडी पालथी पडली की माजघरात सतरंजी अंथरून एखादा चित्रपट लावला जातो. मागच्या मे महिन्यात निवड माझ्याकडे आली आणि मी मुद्दाम ‘द हिल’ लावला. सिडनी लुमेट या दिग्दर्शकाचा १९६५ सालचा हा कृष्णधवल चित्रपट मी पुण्यात एकटीने दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा तो संपल्यावर मला ज्यांच्याशी बोलावेसे वाटले होते ती माणसे साताऱ्यात होती, कारण आमच्या घरात फौज गेल्या तीन पिढ्यांपासून आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते आणि नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मामा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, आणि त्यांनी काही वर्षे बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये रिक्रूटांना ड्रिल शिकवली. बहिणीचा मुलगा सध्या भरतीची तयारी करतो आहे आणि पहाटे चारला उठून धावायला जातो. उरली आई, तिने फौज पाहिली ती सुटीवर येणाऱ्या आणि सुटी संपवून जाणाऱ्या माणसाच्या ट्रंकेतून.

चित्रपट दुसऱ्या महायुद्धातला आहे. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याची एक शिक्षा-छावणी आहे, म्हणजे आपल्याच शिपायांसाठी चालवलेला तुरुंग. शत्रूचा एकही माणूस या चित्रपटात दिसत नाही. छावणीच्या मधोमध दगड आणि वाळू यांची माणसांनी रचलेली एक टेकडी आहे, आणि पाठीवर पूर्ण सामान लादून भर उन्हात ती धावत चढायची आणि धावत उतरायची, ही तिथली मुख्य शिक्षा आहे. पहिल्याच दृश्यात एक शिपाई त्या टेकडीवर कोसळतो, आणि कॅमेरा त्याला तसाच सोडून हळूहळू मागे सरकत सगळी छावणी दाखवतो. पार्श्वसंगीत नाही. बुटांचा आवाज, हुकूम आणि धाप, एवढेच काय ते कानांवर येते. हे चित्रण स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरियाच्या रखरखीत मुलखात झाले, आणि त्या उन्हाचा पांढरा भगभगीतपणा पडद्यावर असा उतरला आहे की मे महिन्यातल्या त्या रात्री आईने उठून पंख्याचा वेग वाढवला.

या छावणीत पाच नवे कैदी येतात. त्यांतला रॉबर्ट्स हा रणगाडा दलातला माजी सार्जंट मेजर. माणसे फुकट मरतील असा हल्ला करायला त्याने नकार दिला आणि आपल्या कमांडिंग अधिकाऱ्यावर हात उचलला. ही भूमिका शॉन कॉनरीची आहे. १९६४चा ‘गोल्डफिंगर’ आणि १९६५चा ‘थंडरबॉल’ यांच्या मध्ये, म्हणजे सारे जग त्याला जेम्स बाँड म्हणून डोक्यावर घेत असताना, त्याने हे काम केले. बाकीच्या चौघांत सैन्याचा माल विकणारा एक चोरटा, मारामारी करणारा एक स्कॉटिश, अधिकाऱ्यांची दारू पिणारा एक वेस्ट इंडियन शिपाई आणि बायकोच्या ओढीने पलटण सोडून गेलेला स्टीव्हन्स नावाचा एक नाजूक कारकुनी पेशाचा मुलगा. त्यांच्यावर विल्यम्स नावाचा नव्याने आलेला स्टाफ सार्जंट सोडला जातो, आणि तो स्टीव्हन्सला त्या टेकडीवर पुन्हा पुन्हा इतका पळवतो की तो मुलगा मरतो. पुढचा सगळा चित्रपट हे मरण कोणाच्या खाती मांडायचे या एका प्रश्नावर उभा आहे, आणि आमच्या माजघरातला वादही त्याच प्रश्नावर झाला.

रिमोट माझ्या हातात होता. पात्रांचे उच्चार आणि त्यांचे ओरडणे यांमुळे इंग्रजी समजणे मलाही कठीण जात होते, तेव्हा खालच्या ओळी वाचून, दर चार-पाच मिनिटांनी चित्रपट थांबवून, मी मराठीत सांगत होते. हुकूम मात्र मला सांगावे लागले नाहीत. माझे तोंड उघडण्याआधी मामा ते हिंदीत म्हणत होते, ‘दौड के चल’, ‘थम’, ‘पीछे मुड’, आणि एकदाही चुकले नाहीत.

मामांचे मत पहिल्या अर्ध्या तासातच ठरले होते. त्यांना रेजिमेंटल सार्जंट मेजर विल्सन आवडला. छावणीचा कमांडंट नावापुरता आहे, कागदांवर सह्या करून तो आपल्या मैत्रिणीकडे निघून जातो आणि खरी सत्ता विल्सन चालवतो. हॅरी अँड्र्यूज या नटाने हा माणूस असा उभा केला आहे की त्याच्या पाठीचा कणा पडद्याबाहेर जाणवतो. बिघडलेला शिपाई मोडायचा आणि नव्याने घडवायचा, यावर विल्सनची मनापासून श्रद्धा आहे. मामा म्हणाले, “हा खरा उस्ताद आहे. रगडा आम्हीपण दिला. पिठ्ठू लावून मैदानाला चकरा मारायला लावल्या, रायफल डोक्यावर धरायला लावली. पण पोराच्या तोंडाकडं बघत द्यायचा असतो रगडा. ओठ पांढरे पडले की थांबायचं. तो दुसरा आहे ना, तो तोंडाकडं बघतच नाही, तो मजा बघतो.” रिक्रूटाच्या पाठीवर पिठ्ठू कसा बसला पाहिजे, पट्टा सैल असला तर खांद्याला कसा काचतो, हे त्यांनी सोफ्यावरची उशी भाच्याच्या पाठीला लावून दाखवले. शिक्षा आणि छळ यांच्यामधली रेघ त्यांच्या दृष्टीने इतकी स्वच्छ होती. ती रेघ खरी आहे, आणि ज्याने स्वतः शिक्षा भोगली आणि दिली अशा माणसाने ती सांगितली म्हणून मी ती मानते. माझा आक्षेप एवढाच होता की विल्यम्सच्या हातात स्टीव्हन्सला दिले कोणी? त्यांच्या आवडत्या उस्तादानेच. त्यावर मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “ते मात्र चुकलं त्याचं.”

भाच्याचे मत रॉबर्ट्सच्या बाजूने होते आणि त्यात वयाचा सगळा जोर होता. हुकूम चुकीचा असेल तर तो पाळायचाच कशाला, असे तो म्हणत होता, आणि मामा त्याला सांगत होते की असे विचारायला लागलास तर सहा महिन्यांत घरी येशील. या एका मुद्द्यावर माझ्याजवळ सांगण्यासारखे काही होते. आपल्या १९५० च्या आर्मी अॅक्टमध्ये कलम ४१ आहे. वरिष्ठाचा हुकूम मोडणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. परंतु तिथे नुसता ‘हुकूम’ हा शब्द नाही, ‘कायदेशीर हुकूम’ असे शब्द आहेत. त्या एका विशेषणात शिपायाला उभे राहायला जागा आहे, पण ती किती अरुंद आहे हे पाहायचे असेल तर १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेला रणजित ठाकूर खटला पाहावा. सिग्नलमन, म्हणजे संदेशवहन दलातला जवान, असलेल्या या शिपायाने आपल्या वागणुकीबद्दलची तक्रार ठरलेली पायरी सोडून थेट वर पाठवली, म्हणून त्याला २८ दिवसांच्या सक्त कैदेची शिक्षा झाली. ती भोगत असताना, १९८५ मध्ये, त्याला जेवण करण्याचा हुकूम देण्यात आला आणि तो जेवला नाही. जेवला नाही म्हणून समरी कोर्ट मार्शल, एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याची तक्रार होती तोच त्या कोर्टात बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण न्याय देणारा निःपक्षपाती नव्हता आणि न जेवण्याच्या मानाने शिक्षा अवाच्या सवा होती. मी हे सांगत असताना भाचा सतरंजीवर सरळ होऊन बसला होता. त्याने एकच विचारले, “म्हणजे जेवायचा पण हुकूम असतो?” मामा म्हणाले, “असतो तर.”

चित्रपटाच्या लेखकाबद्दल इथेच सांगते. रे रिग्बी याने दुसऱ्या महायुद्धात स्वतः अशा शिक्षा-छावणीत दिवस काढले होते, आणि आधी नाटक म्हणून लिहिलेल्या या कथेच्या पटकथेला १९६५च्या फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. कथेतले मरण हवेतून आलेले नाही. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या फोर्ट डार्लंड या लष्करी तुरुंगात मार्च १९४३ मध्ये क्षयाने पोखरलेला एक रायफलमन तिथल्या दोघांच्या मारहाणीनंतर मरण पावला; त्या दोघांवर सदोष मनुष्यवध शाबीत झाला आणि ब्रिटिश सरकारला न्यायमूर्ती ऑलिव्हर यांच्याकडून सगळ्या लष्करी तुरुंगांची चौकशी करवून घ्यावी लागली. क्षय हा एका दिवसात होणारा आजार नाही, एवढे लक्षात ठेवले तरी त्या घटनेतला खरा प्रश्न दिसू लागतो.

आईने फक्त स्टीव्हन्सबद्दल मत दिले. तो चोर नव्हता, मारामारी करणारा नव्हता, बायकोकडे जायला निघाला होता. मग त्याला चोरांच्या बरोबरीने का ठेवले, असे तिने दोनदा विचारले. मी तिला पलटण सोडून जाण्याचा गुन्हा किती गंभीर असतो हे सांगू लागले, तेव्हा ती म्हणाली की ते तिला माहीत आहे, १९७१च्या डिसेंबरात अण्णांचे पत्र तीन आठवडे आले नव्हते तेव्हा तिच्या मनात हेच आले होते की हा माणूस सगळे सोडून निघून आला तर किती बरे होईल, आणि लगेच भीतीही वाटली होती की खरेच आला तर काय होईल. हे तिने आम्हांला आजवर कधी सांगितले नव्हते. अण्णांनी तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले.

माझे स्वतःचे मन पहिल्यापासून जॅको किंग या वेस्ट इंडियन शिपायापाशी अडकलेले आहे. त्याच्या रंगावरून त्याला दिल्या जाणाऱ्या शिव्या आज ऐकवत नाहीत, आणि त्या ऐकवू नयेत अशाच लुमेटने ठेवल्या आहेत. स्टीव्हन्सच्या मरणानंतर हा माणूस अंगावरचा गणवेश उतरवतो, मी तुमच्या सैन्याचा राजीनामा दिला असे सांगतो आणि फक्त चड्डीवर छावणीत फिरू लागतो. गणवेश गेला की हुकूम कोणाला द्यायचा, हे विल्सनसारख्या माणसालाही कळत नाही. ही भूमिका करणारे ओसी डेव्हिस अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीत अग्रभागी होते. याच १९६५च्या फेब्रुवारीत माल्कम एक्स या कृष्णवर्णीय नेत्याच्या अंत्यविधीला त्यांनी भाषण केले होते. उत्तर आफ्रिकेच्या त्याच वाळवंटात आणि पुढे एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर, १९४१ मध्ये, मराठा पलटणी लढल्या होत्या. मामांचे वडील त्या मुलखाला सरसकट ‘मिसर’, म्हणजे इजिप्त, म्हणत. चित्रपटात भारतीय शिपाई दिसत नाही, पण जॅको बोलू लागला की मला तो वाळवंट परका वाटत नाही.

आता अण्णांकडे येते. ते पहिला तासभर काही बोलले नव्हते. कैद्यांची पहिली तपासणी होते ते दृश्य आले, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबायला सांगितले. मायकेल रेडग्रेव्ह या थोर नटाने छावणीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची भूमिका केली आहे. हा माणूस दुष्ट नाही. थकलेला आहे, सभ्य आहे, विल्सनच्या आवाजापुढे त्याचा आवाज बारीक होतो. नवे कैदी त्याच्यासमोर येतात आणि तो त्यांना भराभर तंदुरुस्त ठरवून पुढे पाठवतो. अण्णांनी ते दृश्य पुन्हा लावायला सांगितले. मी लावले. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “इथं मेला तो पोरगा. टेकडीवर नाही.”

मला वाटते, या चित्रपटाविषयी मी जेवढी मते ऐकली किंवा वाचली आहेत, त्यांत बहुतेकांचे बोट विल्यम्सकडे जाते, जाणकारांचे विल्सनकडे, आणि फार तर एखाद्याचे बाहेर मैत्रिणीकडे गेलेल्या कमांडंटकडे. डॉक्टरविषयी लोक ‘दुबळा’ हा एक शब्द वापरून पुढे जातात. माझेही तसेच झाले होते. परंतु कथेचा हिशेब मांडून पाहिला तर टेकडीवर पळवणे हा छावणीच्या नियमांत बसणारा प्रकार आहे, आणि तो नियमांत बसतो तो केवळ पळणारा तंदुरुस्त आहे असे एका डॉक्टरने लिहून दिले आहे म्हणून. ती सही नसती तर विल्यम्सचा हुकूम कायदेशीर राहिला नसता, आणि मरणानंतरही विल्सन नेमकी तीच सही डॉक्टरच्या तोंडावर धरतो : त्याला तंदुरुस्त तुम्हीच ठरवले होते. सबंध छावणीत विल्सनला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार ज्याला नियमानेच दिलेला आहे असा हा एकमेव माणूस, आणि तोच सर्वांत उशिरा बोलतो. रॉबर्ट्स बोलतो तेव्हा त्याचा पाय मोडतो. डॉक्टरचे काहीही मोडले नसते.

अण्णांनी मग सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहायला हवे होते, पण ते तुटक बोलतात, म्हणून जुळवून लिहिते. एका प्रशिक्षण केंद्रातल्या एमआय रूमवर, म्हणजे शिपायांना तपासण्याच्या खोलीवर, ते नेमणुकीला होते. पहाटे पीटीच्या आधी सिक रिपोर्टवाल्यांची, म्हणजे आजारी असल्याचे सांगून तपासणीला येणाऱ्यांची, रांग लागे. अण्णांचे काम असे की प्रत्येकाच्या तोंडात थर्मामीटर ठेवायचा, मनगट धरून घड्याळावर नाडी मोजायची, आणि रजिस्टरमध्ये नंबर, नाव, तक्रार, ताप, नाडी लिहून ते डॉक्टरसाहेबांपुढे सरकवायचे. शेवटचा रकाना साहेबांचा. त्यात बहुतेक वेळा तीन अक्षरे पडत : एम अँड डी. म्हणजे औषध घे आणि ड्यूटीवर जा. एखाद्याला परेड माफ होई, एखादा दवाखान्यात भरती होई, पण रांगेतल्या बहुतेकांच्या नशिबी एम अँड डी. अण्णा सांगतात की त्यात अन्याय असतोच असे नाही, कारण पन्नासांच्या रांगेत दहा जण खरोखरच परेड चुकवायला आलेले असत, आणि ते ओळखणे हेही डॉक्टरचे कामच.

त्या रांगेत एक रिक्रूट सलग दोन दिवस आला. छातीत दुखते, धाप लागते. अंगात ताप थोडा, पण बसल्या जागी नाडी ११८. अण्णांनी ती दोनदा मोजली आणि रजिस्टरमध्ये लिहिली. त्याच आठवड्यात वरून पत्र आले होते की सिक रिपोर्टची संख्या वाढते आहे, ती खाली आणावी. डॉक्टरसाहेब तरुण होते, घाईत होते, आणि रजिस्टर पुढे आले तसे त्यांनी आकड्याकडे न पाहता शेवटचा रकाना भरला. एम अँड डी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो मुलगा आलाच नाही, रूट मार्चला गेला, आणि वाटेत पडला. छातीत पाणी झाले होते. तो वाचला, चार महिने इस्पितळात राहिला, आणि मेडिकल बोर्डाने त्याला घरी पाठवले. चौकशीत रजिस्टर मागवले गेले तेव्हा अण्णांनी लिहिलेला ११८ हा आकडा तिथे होता, त्यामुळे त्यांना कोणीही बोल लावला नाही.

“मी लिहिलं होतं,” अण्णा म्हणाले. “बोललो नव्हतो. साहेब, नाडी बघा, एवढंच बोलायचं होतं.”

पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आमच्या घरात त्या रात्रीपर्यंत कोणालाही माहीत नव्हती, आईलाही नाही. मामांनी त्यांना सांगितले की तुमची रँक काय आणि साहेबांची काय, तुम्ही बोलून काय झाले असते. अण्णांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. ते म्हणाले की या चित्रपटात हॅरिस नावाचा स्टाफ सार्जंट आहे ना, तोही सुरुवातीला असाच उभा असतो, सगळे दिसत असते आणि तो आतल्या आत कैद्यांची कीव करत राहतो. इयन बॅनेनने केलेला हा हॅरिस बहुतेक प्रेक्षकांना चित्रपटातला एकमेव चांगला माणूस वाटतो. अण्णांना तो फार ओळखीचा वाटला.

लुमेटने आपल्या अनुभवांच्या पुस्तकात लिहिले आहे की हा चित्रपट त्याने तीनच रुंद भिंगांनी चित्रित केला : पहिला तिसरा हिस्सा २४ मिलिमीटरच्या भिंगाने, दुसरा २१च्या, शेवटचा १८च्या. भिंग जितके रुंद तितका कॅमेरा माणसाजवळ न्यावा लागतो आणि तितके नाक, हनुवटी, डोळे यांचे आकार ताणले जातात. छायालेखक ऑस्वल्ड मॉरिस यांना या कामासाठी ब्रिटिश चित्रपट अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे तंत्र मला वाचून ठाऊक होते, पण त्याचा परिणाम त्या रात्री कळला. सुरुवातीला डॉक्टरचा चेहरा टेबल, रांग, भिंत यांच्यात हरवलेला असतो. शेवटाकडे तो इतका जवळ येतो की त्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्या दिसतात, आणि त्याला कुठे पाहावे ते कळत नाही. तोवर तो आपला मुद्दा ठरवतो. हॅरिसही त्याच्या पाठीशी उभा राहतो. आपण वर अहवाल देणार, हे डॉक्टर विल्सनला सांगतो. हे सगळे घडते ते आवाज न चढवता, आणि दोन तासांच्या आरडाओरड्यानंतर ते ऐकताना आमच्या माजघरात पंख्याचा आवाजही मोठा वाटू लागला.

यानंतर जो शेवट येतो त्यावर प्रेक्षकांचे कधीच एकमत होत नाही, आणि आमच्याकडेही झाले नाही. अहवाल जाणार हे कळल्यावर विल्यम्स पाय मोडून पडलेल्या रॉबर्ट्सच्या कोठडीत त्याला मारायला शिरतो. जॅको आणि स्कॉटिश मॅकग्रा तिथे पोचतात आणि विल्यम्सला बदडू लागतात, आणि रॉबर्ट्स जमिनीवरून जीव तोडून ओरडतो की थांबा, आपण जिंकलो आहोत, सगळे नासवू नका. ते थांबत नाहीत. चित्रपट तिथेच संपतो. भाचा टाळ्या वाजवणार होता, इतका तो खूश झाला. मार खाण्याच्या लायकीच्या माणसाला मार मिळाला, यात वाईट काय, असे त्याचे म्हणणे, आणि मामांनीही त्याला दुजोरा दिला. पुष्कळांना हा शेवट निराशेचा वाटतो आणि पूर्वी मलाही तसाच वाटला होता : माणूस कितीही झगडला तरी हिंसाच त्याला गिळते, असा काहीसा अर्थ मी लावला होता. आता मला तो अर्थ ढोबळ वाटतो. रॉबर्ट्सने जिंकले काय होते? एक सही. उशिरा सुचलेली, भित्र्या माणसाची, पण कायद्याने विल्सनच्याही वरची. त्या कोठडीत पहिला ठोसा पडला त्या क्षणी तो कागद पालटला. आता वर जाणारा अहवाल कैद्यांनी सार्जंटला मारल्याचा असेल. अण्णांनी एवढेच म्हटले, “रिपोर्ट गेला वाया,” आणि ते पाणी प्यायला उठले. जॅकोचा संताप मला आजही चुकीचा म्हणवत नाही. ज्याला जन्मभर शिव्या ऐकाव्या लागल्या त्याने एका डॉक्टरच्या उशिराच्या शब्दावर भरवसा ठेवावा असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? तरीही रॉबर्ट्सचे ते ओरडणे माझ्या कानांतून जात नाही.

चित्रपटाचा मधला एक भाग मला इथे सोडवत नाही. स्टीव्हन्सचे मरण कळल्यावर सगळे कैदी त्याच्या नावाचा गजर करत बंडाच्या काठावर येतात, आणि विल्सन एकटा त्यांच्यासमोर उभा राहून धमकी, थट्टा आणि सवलतीचे आमिष यांच्या जोरावर त्यांना पुन्हा कोठड्यांत पाठवतो. हे दृश्य पाहताना मामांचा ऊर भरून आला होता, आणि त्याच दृश्याने मला भीती वाटली. इतकी माणसे एका नावासाठी ओरडत होती आणि पाच मिनिटांत ते नाव विसरायला तयार झाली. आम्ही दोघे त्यावर रात्री एक वाजेपर्यंत भांडलो, अगदी आवाज चढवून, आणि सकाळी चहाच्या वेळी मामांनी विषय पुन्हा काढला, तेव्हा मला फार बरे वाटले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी भाचा ज्या भरती अकादमीत जातो तिथून एक छापील फॉर्म घेऊन आला. उमेदवार धावण्याच्या सरावासाठी तंदुरुस्त आहे, असे डॉक्टरांनी लिहून द्यायचे होते. त्याने तो संध्याकाळी दाखवला तेव्हा त्यावर सही आणि शिक्का होता; एका मित्राने सहा जणांचे फॉर्म एकदम नेऊन आणले होते. अण्णा बाहेरच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला, उलटून पाहिला आणि विचारले, “सदरा काढून टेबलावर झोपला होतास का?” भाचा हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी फॉर्मची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली आणि कोरा फॉर्म आणायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि अण्णांना जिना चढायला वेळ लागतो. भाचा मात्र दोन-दोन पायऱ्या घेत आधी वर पोचला होता. डॉक्टरांनी त्याला झोपवले, छातीला स्टेथोस्कोप लावला, पाठीला लावला, मनगट धरले आणि फॉर्म पुढे ओढून पेन काढले. तेव्हा दाराशी उभे असलेले अण्णा जरा मोठ्यानेच म्हणाले, “साहेब, नाडी किती आली?”

डॉक्टरांनी पेन थांबवले. “९६,” ते म्हणाले. “पळत जिना चढलाय ना. बसू दे त्याला पाच मिनिटं, परत बघू.”

भाचा बाकावर जाऊन बसला. अण्णा त्याच्या शेजारी बसले आणि मनगटावरचे घड्याळ काढून त्यांनी हातात धरले.